चारशे बारा फाइली आणि एक गाठ

गल्लीतल्या फोटोवाल्याला सगळे फोटोकाका म्हणतात. माणूस बोलायला गोड, पण वेळेच्या बाबतीत महाकाटेकोर. कुठल्याही कामाला निघण्याआधी दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असलं तर तिथल्या तिथे पकडलं जातं, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. काकूंनी त्याची यथेच्छ टिंगल केलेली आहे.

साठी ओलांडलेल्यांच्या चालण्याच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर काकाच उभे होते. आयोजक पक्के चिक्कू. वेगळं यंत्र कशाला, ज्याच्या फोटोच्या फाइलवर जी वेळ तीच त्याची वेळ, असं त्यांनी ठरवून टाकलं. साडेनऊच्या आत पोचणाऱ्याला पदक. काकू त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच उतरल्या आणि नऊ अठ्ठावीसला पोचल्या. आयुष्यातलं पहिलं पदक! ते गळ्यात घालूनच त्यांनी दुपारची भांडी घासली.

संध्याकाळी काका फोटो कॉम्प्युटरवर उतरवायला बसले आणि पहिल्याच फोटोपाशी थबकले. घड्याळाचा फोटोच नव्हता. गुडघ्यांमुळे काकूंना वाकता येत नाही, म्हणून सकाळी त्यांच्या बुटांच्या नाड्या काकांनी बांधल्या होत्या, आणि त्या गडबडीत फोटो राहून गेला होता. त्यांनी आता ताडून पाहिलं. कॅमेरा चार मिनिटं मागे होता.

उपाय सोपा. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांडची एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की चारशे बारा फाइलींची वेळ एका दमात चार मिनिटं पुढे. काकांनी आधी नुसता अंदाज घेतला. पदक मिळालेले बाकी सगळे साडेनऊच्या आतच राहत होते. बाहेर पडत होत्या एकट्या काकू, नऊ बत्तीसवर.

त्या ओळीत एखादी फाइल वगळायची सोयही होती. काकांनी तेवढे शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. एवढ्यात काकू मागे येऊन उभ्या राहिल्या आणि घाम का फुटलाय म्हणून विचारू लागल्या. बायकोशी खोटं बोलणं काकांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं, वगळलेल्या फाइलसकट.

काकूंचा चेहरा पडला. पदकाशी चाळा करत त्या शेजारी टेकल्या.

"मला उशीर का झाला माहितीये?" त्या म्हणाल्या. "अर्ध्या वाटेत नाडी सुटली. फुटपाथवर बसून बांधली, आणि उठायला कुणी हात देईपर्यंत तीन मिनिटं गेली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

"अगं, म्हणजे माझ्याच गाठीमुळे..."

"तुमच्याच. आता ते शब्द खोडा. तुमच्या घड्याळाच्या वेडाला मी जन्मभर हसले, पण माझ्यासाठी ते मोडायचं नाही."

काकांनी शब्द खोडले. एंटर काकूंनीच दाबलं. मग त्या थोड्या रडल्या, आणि नंतर पोटभर जेवल्या. पदक दुसऱ्या दिवशी परत गेलं.

पुढच्या वर्षी शर्यतीला निघण्याआधी काकांनी दोन फोटो काढले. एक भिंतीवरच्या घड्याळाचा आणि एक काकूंच्या बुटांवरच्या दुहेरी गाठींचा.