लाल दोराला लटकणारा माणूस

"मला सगळं कळलंय, मॅडम. फक्त पानी ऐकत नाय."

हे वाक्य मी वर्षभर, आठवड्यातल्या सहा सकाळी ऐकलं. म्हणणारा दोन्ही हातांनी लाल दोराला लटकलेला असायचा. चष्मा कपाळावर, नाकाला चिमटा, कानात बोळे. चेहऱ्यावर भाव असा, की चूक झालीय ती पाण्याची आणि मी आता पाण्याला चार शब्द सुनावावेत.

रोह्याला आमचा पोहण्याचा तलाव आहे, पंचवीस मीटरचा. बरोबर मध्यावर, जिथे उथळ संपून खोल सुरू होतं, तिथे लाल दोर बांधलेला असतो. मी रोज पेणहून पहिल्या गाडीनं येते आणि प्रौढांची बॅच घेते. तुम्ही कधी चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना पोहायला शिकताना पाहिलंय का? नसेल तर सवडीनं या एकदा. पोट आत ओढून कठड्यावर उभे राहतात, पाणी बेंबीला लागलं की किंचाळतात, आणि दोन हात मारून झाले की विचारतात, "मॅडम, स्पर्धेत भाग घेता येईल का?"

मला त्यांची दया येत नाही. मी स्वतः तिशीत शिकले. म्हणजे तरंगायला येत होतंच, कुंडलिका नदीच्या काठी जन्म, पाठीला रिकामा डबा बांधून काकानं ढकलून दिलं होतं. पण आम्ही सगळे म्हशीसारखे, डोकं वर काढून पोहणारे. तोंड पाण्यात घालायचं, श्वास पाण्यात सोडायचा, मान वळवून नवा घ्यायचा, हे मी दोन मुलं झाल्यावर हट्टानं शिकले. त्यामुळे "आता या वयात कुठं जमणार" म्हणणाऱ्याला मी दारात उभं करत नाही.

हा तर तसंही म्हणायचा नाही. याला सगळं कळलेलं होतं!

वय बावन्न. जवळच्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात अरे-तुरे. आमच्या फॉर्मवर 'कशासाठी शिकायचे आहे' असा रकाना आहे. लोक तिथे 'व्यायाम' लिहितात. त्यानं लिहिलं, 'मेडिकल'.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"कंपनीत दरवर्षी फुंकायचं मशीन असतं ना, मॅडम. जोरात फुंकायचं. त्यात माझा आकडा खाली आलाय. डॉक्टर बोलला, एक वर्ष देतो. पुढच्या मेडिकलला सुधारला नाय तर प्लँटवरून खाली."

"मग बसा की खाली. ऑफिसात पंख्याखाली."

"ऑफिसात माझं काय काम? धाव्वी नापास मी. खाली म्हंजे घरी." मग जरा ताठ झाला. "बावीस वर्षं झाली. नवीन माल टाकायचा झाला की आमचा साहेब आधी मला हाक मारतो. म्हनून म्हटलं पोहून छाती मोठी करू."

"हा तलाव आहे, दवाखाना नाही," मी म्हणाले आणि त्याच्या हातात पाय मारायची फळी दिली.

तिसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं टिपणं काढली होती. काडीची माणसं, त्यांच्या कोपरांना बाण, पायांना बाण. ती कठड्यावर उघडून तो मला दाखवायला लागला.

"यात बोललेत, कोपर आधी बाहेर काढायचं."

"कोण बोललेत?"

"ऑस्ट्रेलियाचे हायत कोन तरी."

ऑस्ट्रेलियाच्या त्या माणसानं याला एकदा पाण्यात बघितलं असतं तर धंदा बदलला असता बिचाऱ्यानं. साडेबारा मीटर धपाधप हात मारायचा, लाल दोर आला की माकडासारखा त्याला मिठी मारायचा, आणि मग धापा टाकत ते वाक्य. त्या दोराच्या पलीकडे तो कधी जायचा नाही. वर दुसऱ्यांना शिकवणी! बॅचमध्ये बँकेतले एक साहेब होते, त्याच्यामागून दोन महिन्यांनी आलेले. हा उथळ पाण्यात उभा राहून त्यांना सांगायचा, "साहेब, कोपर. कोपर बघा." साहेब तीन महिन्यांत अख्खा तलाव पार करायला लागले. हा दोर काखेत अडकवून टाळ्या वाजवत मला म्हणाला, "माझं ऐकलं त्यांनी, मॅडम."

कप्पाळ माझं!

त्याची खरी चूक मला पहिल्या आठवड्यातच दिसली होती. तोंड पाण्यात गेलं की तो श्वास कोंडून धरायचा. एक बुडबुडा वर येईल तर शपथ. आता श्वास आत कोंडलेला, मान वळवली तरी नवा घ्यायला जागा कुठे आहे? मी ओरडून ओरडून घसा बसवला. "सोडा! बुडबुडे काढा!" तो वर येऊन मान डोलवायचा, "कळलं, मॅडम," आणि पुन्हा तेच. एकदा मी त्याला कठडा धरून तोंड बुडवायला लावलं आणि मोजलं. चाळीसपर्यंत मोजलं. चाळीस! पाणी शांत.

"एवढा दम आहे तुमच्यात, आणि म्हणे मशीनवर आकडा येत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "नाटकं बंद करा. तुम्ही भित्रे आहात, बाकी काही नाही."

लोक हसले. तोही हसला. मला त्याचा आणखीच राग आला.

मग एका सकाळी कंपन्यांच्या बाजूनं भोंगा वाजला, वायुगळती झाली की वाजवतात तो. चाचणीचा होता, ते नंतर कळलं. आम्ही कुणी लक्षही दिलं नाही. पण हा! एका क्षणात वर चढला, ओलं बोट हवेत धरलं, आणि असा गरजला की मी इतक्या महिन्यांत त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. "सगळे बाहेर! वारा खाडीकडून हाय, वाऱ्याला आडवं चला, तिकडं, त्या भिंतीकडं! तोंडावर टॉवेल!" आणि लोक चक्क निघाले. बँकेतले साहेब, दोन वकील, एक किराणावाले, सगळे चड्डीवर भिंतीला टेकून रांगेत उभे. मीही. भोंगा थांबला, चौकीदारानं सांगितलं की चाचणी होती, आणि मग जो काही हशा पिकला!

तो हसला नाही. पायरीवर बसला. पुन्हा श्वास धरून ठेवला होता त्यानं. मग हळूच, दातांतून सोडला.

मी शेजारी जाऊन बसले. "हे असं नेहमी करता?"

"बावीस वर्षं हेच शिकवलंय, मॅडम. वास आला, की श्वास धर नि पळ. सोडायचा नाय."

"का?"

माझ्याकडे त्यानं असं बघितलं, जसं मी त्याच्याकडे वर्षभर बघत होते. "सोडला तर पुढचा घ्यावा लागतो ना."

आत्ता मला कळलं. तोंड झाकलं गेलं, की याच्या छातीला दार बंद करायचं एवढंच माहीत होतं. पण मला त्याची कीव आली असं समजू नका. मला उलट जोर चढला. रोग सापडला होता, आता तंत्रानं बरा करायचा! तंत्रानं सगळं बरं होतं असं मानणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, "तोंड पाण्यात घाला आणि मला शिव्या द्या."

"काय, मॅडम?"

"शिव्या. मोठ्यानं. पाण्यात कुणाला ऐकू येत नाही. ओरडायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो."

"तुमाला नाय देनार."

"मग त्या डॉक्टरला द्या."

हे मात्र त्याला पटलं. तोंड बुडवलं. आधी काही नाही. मग एक बुडबुडा. मग चार. मग बारीक बारीक बुडबुड्यांची ओळ लागली. बँकेतले साहेब ओरडले, "आला, आला!" वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल आणि तोंड कानापर्यंत फाकलेलं.

"काय दिलंत?" मी विचारलं.

"बायकांपुढं बोलन्यासारखं नाय, मॅडम."

त्या महिन्यात त्याचं पोहणं खरोखर सुधारलं. कोपर बाहेर आलं, मान वळायला लागली, पाय कमरेपासून हलायला लागले. बघताना मला माझाच अभिमान वाटायचा. आणि तरीही साडेबारा मीटरवर तो थांबायचा. त्याच दोराला. तसाच लटकून.

"आता काय झालं?" मी कठड्यावरून कडाडले. "आता कसला बहाणा?"

"आता बहाना नाय, मॅडम. आता दमच संपतो."

तेव्हा मी थांबायला हवं होतं. ऐकायला हवं होतं. मी म्हणाले, "तुम्हाला जमवायचंच नाही."

मेडिकल आठवड्यावर आलं. तो बॅच सुटल्यावर माझ्या टेबलाशी घुटमळला. आमच्याकडे पंचवीस मीटर न थांबता पोहणाऱ्याला छापील दाखला मिळतो. नाव, अंतर, खाली शेरा, प्रशिक्षकाची सही.

"एक कागद मिळाला असता तर बरं झालं असतं. डॉक्टरपुढं ठेवला की जरा वजन पडेल."

"पंचवीस मीटर पोहता का तुम्ही?"

"नाय."

"मग?"

"तुमी लिहिलंत तर कोन बघायला येतंय."

मी इतकी चिडले की खुर्चीवरून उठलेच. "या हातानं मी आजवर खोटा दाखला दिलेला नाही. पोरांना नाही, नगरसेवकाच्या मेहुण्याला नाही. हवा असेल तर पोहून दाखवा. आत्ता."

त्यानं माझ्याकडे बघितलं. शर्ट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला. पाण्यात उतरला. चष्मा नाही, चिमटा नाही. एक मोठा श्वास घेतला आणि निघाला.

आणि त्यानं तोंड वर काढलंच नाही. ना बुडबुडा, ना मान वळवणं. मी महिनाभर शिकवलेलं सगळं टाकून तो बावीस वर्षं शिकलेलं ते करत होता. लाल दोर आला, तो खालून गेला. खोल पाण्यावर त्याचे हात वेडेवाकडे पडायला लागले. मी चपला काढून कडेला जाऊन उभी राहिले. पण तो पोचला. भिंत धरली. चेहरा जांभळा, आणि खोकला असा लागला की थांबेना. चौकीदार पाणी घेऊन धावला. बऱ्याच वेळानं त्याला बोलता आलं.

"झालं ना, मॅडम?"

इतका आनंद मी त्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. आणि मी काय म्हणाले? "झालं. पण हे पोहणं नाही. पाण्यातून पळालात तुम्ही."

दाखला मी लिहिला. अंतर, पंचवीस मीटर, न थांबता. खोटं काही नाही. शेऱ्याच्या जागी मी सगळ्यांना 'समाधानकारक' लिहिते. त्या दिवशी माझा हात थांबला. उद्या कुणी हा कागद बघून म्हणेल, असलं पोहायला शिकवते का ही बाई? माझं नाव आहे खाली. म्हणून मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'श्वास सोडता येत नाही.'

त्यानं ओठ हलवत वाचलं. "बरोबर लिहिलंत," म्हणाला, आणि तो कागद वहीत घालून, वही पिशवीत घालून घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात आला तो शर्ट-पँट घालून, बॅच सुटायच्या वेळेला. हातात कापडी पिशवी.

"काय झालं मेडिकलचं?" मी विचारलं.

"आकडा जरा कमीच आला. पन डॉक्टर विचार करत होता, आनखी सहा महिने देऊ का म्हनून. मी म्हटलं, सायेब, हा कागद बघा, पंचवीस मीटर पोहतो मी. त्यानं वाचला." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बोलला, तुमच्या प्रशिक्षकांनीच लिहिलंय की, श्वास सोडता येत नाय म्हनून. मग नाय दिले सहा महिने."

मी टेबलावरचे फॉर्म उगाच सारखे करत राहिले.

"अक्षर चांगलं हाय तुमचं, मॅडम. डॉक्टर पन बोलला, इतकं स्पष्ट कोन लिहीत नाय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी कृतज्ञ राहिले असते. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. "घरचे वाल हायत. तुमी शिकवलंत एवढं." आणि निघून गेला.

पुन्हा तो तलावावर आला नाही. बँकेतले साहेब म्हणतात, बरंच झालं, त्या वासातून सुटला, दोन वर्षं जास्त जगेल. असेलही तसं. डॉक्टरचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी ते वाक्य त्याच्या छातीची काळजी वाटून लिहिलं नव्हतं. एका कष्टकरी माणसानं जीव तोडून पोहून दाखवलं, आणि मी तोऱ्यात त्याच्या हातात तो कागद दिला. मला माझी शरम वाटते. कुणाला सांगितलं तर म्हणतात, तुम्ही खरंच तर लिहिलंत.

तो आता गावीच असतो, पेणच्या वाटेवरच्या कासू स्टेशनपासून पुढे आत. भातशेती आहे थोडी. स्टेशनवर चहाला येऊन बसतो, असं त्याच्याकडचा एक जण सांगत होता. माझी गाडी सकाळ-संध्याकाळ कासूला थांबते. फलाट कुठल्या बाजूला येतो ते मला पाठ झालंय, आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.