शेवटची पानं

लहानपणी वाचलेल्या साहसकथांची मालिका पुन्हा छापून आली, म्हणून आम्ही काही पिकल्या केसांचे वाचक एका मैत्रिणीच्या घरी पेढे खायला जमलो. ‘शेवटी तो कुत्रा पुरात वाहून जातो ना, त्या रात्री मी जेवले नव्हते,’ ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा पेढा हातातच राहिला. आमच्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. शेवट मला दादाने सांगितला होता. त्यात कुत्रा चिखलाने माखून घरी परततो. ती पानं त्यानेच फाडली असावीत, हे आज पहिल्यांदा सुचलं. मोठी भावंडं धाकट्यांना सगळं वाचू देत नाहीत. गेल्या वर्षी दादा गेला. आदल्या दिवशी दवाखान्यात मला म्हणाला होता, ‘चार दिवसांत घरी येतो बघ.’ तेही मी खरं मानलं होतं.