पत्र्याखालची गाय

चाकणला कंपन्या आल्या आणि आमच्या गावात घरोघरी एकच खूळ शिरलं. परड्यात खोल्या काढायच्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या. आमच्या ह्यांनीही काढल्या, त्यासाठी परड्यातली चिंच पाडली. त्या चिंचेखाली आमची गाय असायची, काळीपांढरी, संकरित, स्वभावानं अगदी गरीब. तिला नेऊन बांधलं खोल्यांच्या मागं, पत्र्याच्या शेडात. वाऱ्याला यायला वाटच नाही.

त्याच उन्हाळ्यापासून ती गाभण राहीना. डॉक्टर यायचे, बीज सोडून तिला भरवून जायचे, आम्ही आशेवर असायचो आणि महिना भरायच्या आत ती उलटायची, पुन्हा माजावर यायची. तेही धड कळायचं नाही. उकाड्यानं तिचा माजही मुका झालेला, हंबरणं नाही की उड्या मारणं नाही. पहाटे शेण काढताना शेपटीला चिकट तार दिसायची, तेवढीच खूण. मी सांगायला जावं तर हे म्हणणार, "दुपारी बघू." दुपारी काय बघता, डोंबल! तोवर पत्रा तापून ती जीभ बाहेर काढून धापा टाकत उभी.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "दादा, गायीत काही खोट नाही. गर्भ धरला तरी या गरमीत टिकत नाही. सावली करा, अंगावर पाणी मारा."

ह्यांनी मान डोलावली आणि वर त्यांनाच म्हणाले, "फुडच्या बारीला चांगल्या वळूचं बीज आणा." नाचता येईना, अंगण वाकडं. मी पोती भिजवून तिच्या पाठीवर टाकायला लागले, तर टाकीतलं पाणी भाडेकरूंना पुरत नाही म्हणून माझ्यावरच खेकसले. सासूबाई चारा टाकताना रोज तिला वांझोटी म्हणायच्या. गायीला काय कळतंय, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी दूध आटलं. भाकड जनावर कोण पोसणार, म्हणून ह्यांनी ती राजगुरुनगरच्या पुढच्या एका शेतकऱ्याला विकून टाकली. टेम्पोत चढताना तिनं मागं वळून वगैरे काही पाहिलं नाही. गुमान गेली बिचारी.

वर्ष उलटून गेलं आणि परवा तिकडंच एका लग्नात त्या शेतकऱ्याची बायको भेटली. म्हणाली, "ताई, तुमची गाय व्याली की. कालवड झाली. आंब्याखाली बांधतो आमी तिला." आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण आनंदापेक्षा संताप जास्त झाला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फसवलं की त्यानं आपल्याला. मातीमोलानं नेली चांगली गाय."

दुसऱ्याच दिवशी त्याच शेडात भिंत घालायला गवंडी आला. आणखी एक खोली काढायची होती, बायको घेऊन राहणाऱ्या एखाद्या कामगारासाठी.

आता मात्र मला राहवलं नाही. "अहो, त्या पत्र्याखाली गाय टिकली न्हाई, माणसं कशी टिकतील?"

"पंखा लावून देऊ की वर," हे म्हणाले. "पंख्याबिगर कोन जगंल तिथं?"

म्हणजे ह्यांना पहिल्यापासून सगळं कळत होतं.