विजयाआत्याच्या पेन ड्राईव्हवरचं नाव

राजूरच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून विजयाआत्या निवृत्त झाली आणि तीन वर्षांत तिची नजर गेली. पुस्तकाशिवाय तिला घास गोड लागत नसे. म्हणून मी, तिच्या नगरच्या वकील भाच्याने, तिच्या मोबाईलवर बोलक्या पुस्तकांचं ॲप घालून दिलं. पेन्शनमधून तिने एकवीस पुस्तकं घेतली.

यंदा मेसेज आला. कंपनी बंद होतेय, महिनाअखेरीस पुस्तकंही जातील. मीच तो वाचून दाखवला.

"विकत घेतलेली परत नेणार?"

"विकत नाही गं, नुसती ऐकायची परवानगी. अटींत तसं आहे."

"अनीश, बटणावर काय लिहिलं होतं?"

"खरेदी करा," मी कबूल केलं.

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघराचं दार लावून मोबाईलसमोर शाळेतला जुना डिजिटल रेकॉर्डर ठेवला. महिनाभर घरात कुणी बोलायचं नाही. तरी चौथ्या पुस्तकात शेजारच्या राजेश्वरीकाकूंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्याच.

काकूंनी नक्कल मागितली. "ऐकायला रोज ये, चहा देईन. नक्कल मिळणार नाही," आत्या म्हणाली. "लेखकाच्या पोटावर मी पाय देणार नाही, आणि माझ्या पुस्तकांवर कुणाला हात टाकू देणार नाही."

"कुणी तक्रार केली तर?" मी विचारलं.

"तर माझ्या बाजूने उभा राहा. नाहीतर मी एकटी उभी राहीन."

मला माझीच लाज वाटली. रेकॉर्डरमधलं सगळं पेन ड्राईव्हवर मीच उतरवून दिलं.

तो स्टीलचा पेन ड्राईव्ह मुठीत धरून ती मला बाजारात कारभारी भांडीवाल्याकडे घेऊन गेली. नवं भांडं घेतलं की त्याच्याच मशीनवर नाव घालायचं, ही आमच्याकडची रीत.

"बाई, ह्याच्यावर? हे काय भांडं हाय का?"

"विकत घेतलेल्या वस्तूवर नाव घालतोस ना? घाल."

"बरं. कुनाकडून भेट लिवू?"

"भेट नाही. विजया जोर्वेकर, स्वखर्चाने."

मशीन करकरलं. आत्याने कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकेक अक्षर तपासलं आणि पेन ड्राईव्ह माझ्या हातात दिला.

"वाच, वकीलसाहेब. मोठ्याने."

दुकानात गर्दी होती. मी वाचलं.