निघतानाचा शब्द

बायको जाऊन आज पाचवा दिवस. भेटायला आलेली माणसं रीतीप्रमाणे काही न बोलता उठतात, उंबऱ्याबाहेर चपला वाजतात, आणि मळवलीचं हे घर पुन्हा गप्प होतं. मग कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेल्या दिव्याच्या वातीचा जळका वास तेवढा उरतो. बऱ्याच वर्षांपूर्वी औंढ्याच्या एका मयताच्या घरातही हाच वास होता.

केरळहून लोणावळ्यात आलेल्या लिसी नावाच्या नर्सला मी तेव्हा मराठी शिकवायचो. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. मयताच्या घरी मात्र तेही म्हणायचं नसतं, हे सांगायचं राहूनच गेलं. तिनं सेवा केलेले औंढ्याचे एक आबा वारले, म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. उठताना लिसीनं आबांच्या बायकोपुढं हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “येते हं, मावशी.”

सगळ्या माना वळल्या. आबांचा मुलगा म्हणाला, “बाई, हितं आसं म्हनत न्हाईत.” चूक माझी होती, पण मी सतरंजीकडं बघत राहिलो. भिंतीशी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, “येत जा गं बाई.”

परक्या पोरीला त्यांनी सांभाळून घेतलं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता मीच भिंतीशी बसलोय. कुणीतरी चुकावं, एकदा तरी ‘येतो’ म्हणावं, म्हणून प्रत्येक उठणाऱ्या माणसाकडं जिवाचा कान करून.