डब्बूला सुई दिली होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालासुद्धा नाही — सुनंदा माझी बायको. तिच्यापासून दुसरं काही लपवल्याचं मला आठवत नाही, हे एकच. बारा वर्षं झाली. आज सांगायला बसलोय, आणि कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. आमगावपासून चार-पाच कोसांवर आमचं गाव. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात मी परिचर होतो. म्हणजे जनावर धरायचं, बैलाच्या नाकातली वेसण आवळायची, लशींचा बर्फाचा डबा सांभाळायचा. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मीच. म्हणून गाव मला डॉक्टर म्हणायचं. मी कधी कोणाला अडवलं नाही — अडवावं असं कोणाला वाटेल?

आता डब्बूबद्दल सांगू द्या. तुम्हाला वाटेल, हा मुद्दा टाळतोय. टाळतोच आहे. पण डब्बू कसा होता ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डब्बू आमचा कुत्रा. तांबडा, आखूड पायांचा, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याचं पाण्याशी भांडण होतं. स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवलं की त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायचं. मग तो तीनदा भुंकायचा, गंजाच्या मागं जाऊन दुसरा कुत्रा कुठं लपलाय ते बघायचा आणि कोणी सापडलं नाही की गुरगुरत प्यायचा. रोज. हवेत नसलेल्या माशा पकडायचा — टप्पकन तोंड मिटायचा आणि मग मोठ्या समाधानानं चावत बसायचा. चुलीजवळची लाकडं कुरतडायचा, कधी कोळसाही खायचा. रेल्वेचा भोंगा वाजला की मान वर करून सूर लावायचा आणि आवाज बसेपर्यंत थांबायचा नाही. आणि पाहुणा आला की त्याची एक चप्पल उचलायची. एकच, तीही डावी. ती तोंडात धरून अंगणभर मिरवायची, द्यायची मात्र नाही. लोक त्याचा हा खेळ बघायला मुद्दाम यायचे.

हे सगळं आठवून मी पूर्वी हसायचो. त्या दहा दिवसांनंतर नाही हसलो.

कापणीचे दिवस होते. आमच्या शेजारी देवकाबाई राहतात — नवरा लवकर गेला, मुलगा नागपूरला कामाला, घरात त्या आणि तीन बकऱ्या. एका संध्याकाळी त्या बकरीचं विचारायला आल्या. बकरीचं पोट फुगलं होतं. मी औषध सांगितलं, त्या उठल्या, आणि बघतात तर डावी चप्पल डब्बूच्या तोंडात. एरवी त्या हसत थांबायच्या. त्या दिवशी बकरीची काळजी, घाई. त्यांनी चप्पल ओढली. डब्बूला वाटलं खेळ आहे, त्यानंही हिसका दिला. आणि त्याचा सुळा त्यांच्या अंगठ्याखाली गेला. खोल. रक्त आलं.

मी लगेच त्यांचा हात धुतला. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, बराच वेळ. ते मला येत होतं. हात धुता धुता देवकाबाईंनी विचारलं, "याले सुई देल्ली आहे ना जी, डाक्टरभाऊ?"

मी म्हणालो, "देल्ली. मागच्या पावसाळ्यातच देल्ली."

"मंग काही नाही," त्या म्हणाल्या. आणि चप्पल घालून गेल्या.

दिली नव्हती. कधीच नव्हती. गावातल्या कुत्र्यांना मी धरून धरून सुया द्यायला लावल्या, आणि माझ्या कुत्र्याची राहून गेली — उद्या, परवा, पुढच्या वेळी. दवाखान्याचा वास आला की डब्बू जमिनीवर पसरून मुतायचा, मला त्याची कीव यायची. पण खोटं बोललो ते काही कीव येऊन नाही. महिनाभर आधी याच अंगणात मी एका माणसाला चार लोकांसमोर झापलं होतं — कुत्रा पाळता, मग सुई द्यायची अक्कल नाही का? देवकाबाई तिथंच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर "माझ्याची राहिली" असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. हो ना. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, तिसऱ्या दिवशीही. कुत्रा चावला की दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची, हे मला तोंडपाठ होतं. पण ती नजर ठेवायची माणसाची सुई सुरू करून, सुईच्या ऐवजी नाही — हेही तोंडपाठ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सांगायचो. देवकाबाई मात्र सकाळी हाताला चिंधी बांधून, विळा घेऊन धान कापायला निघून गेल्या. मी ओसरीवर उभा राहून त्यांना जाताना बघितलं.

आणि मग मी डब्बूकडे बघायला लागलो.

पाण्याला भुंकला. रोजच भुंकायचा — पण आज चारदा भुंकला का? हवेत तोंड मारलं. तिथं माशी होती की नव्हती? लाकूड कुरतडलं, ते नेहमीचं की जास्त? पिसाळलेला कुत्रा काय करतो, ते मला माहीत होतं. पाणी गिळता येत नाही. नसलेल्या गोष्टींवर तुटून पडतो. नको ते खातो. आवाज बदलतो. ज्या चाळ्यांना आम्ही चार वर्षं हसलो, तो एकेक चाळा आता माझ्यासमोर वेगळंच तोंड घेऊन यायचा. मी त्याच्यासमोर पाणी ठेवून बसायचो. दिवसातून आठ-आठ वेळा. शेवटी तो बिचारा पाणी बघून पळायला लागला, आणि मी गंज घेऊन त्याच्या मागं मागं.

सुनंदा म्हणाली, "काय पाहून राहिले जी त्याच्याकडे? नवा कुत्रा आणला का?"

मी गंज उचलून आत नेला. तिनं फार विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डब्बूनं भाकरीला तोंड लावलं नाही. हाक मारली तर भुंकला — आणि आवाज घोगरा. फाटका. आदल्या दिवशी मालगाड्या सिग्नलला अडकून दिवसभर भोंगे देत होत्या आणि तो दिवसभर गात होता, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. मी त्याचा जबडा उघडून घसा बघायला गेलो. त्यानं मान झटकली आणि दात माझ्या बोटाच्या पेरावर घासला. खरचटलं. रक्ताचे दोन थेंब.

कोणी बघितलं नव्हतं. सुनंदा मागं भांडी घासत होती.

आता ऐका, मी काय केलं ते. इथवर आलोय तर आता थांबत नाही.

मी हात धुतला, सदरा बदलला, सुनंदाला म्हणालो दवाखान्याचं काम आहे, आणि आमगावहून गाडी धरून गोंदियाला गेलो. आमगावला नाही — आमगावला ओळखीचे निघाले असते. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात कोण मला ओळखणार? गाडी शेतांमधून जात होती. धान कापणाऱ्या बायांच्या रांगा खिडकीतून दिसत होत्या, सगळ्यांच्या पाठी वाकलेल्या. त्या कोणत्या गावच्या होत्या मला माहीत नाही. मी खिडकीतून तोंड आत घेतलं.

सुईच्या खोलीत एक सिस्टर होत्या. कागदावर नाव लिहीत त्यांनी विचारलं, "कुत्ता पालतू है? टीका लगा है?"

"नहीं लगा," मी म्हणालो. तीन दिवसांत पहिल्यांदा खरं बोललो. हिंदीत, एका अनोळखी बाईसमोर, आणि किती सहज.

मग त्यांनी मान वर करून विचारलं, "घर में, पड़ोस में और किसी को काटा क्या?"

तो क्षण मला अजून दिसतो. त्या पेन धरून वाट बघत होत्या. मी हो म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, उन्हें भी ले आओ. मी घरी येऊन देवकाबाईंना म्हणू शकलो असतो, चला. कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं. डॉक्टरभाऊ म्हणतात म्हणून त्या विळा ठेवून आल्या असत्या.

मी म्हणालो, "नहीं."

पहिलं खोटं जिभेवर आपोआप आलं होतं, असं मी म्हणू शकतो. या दुसऱ्याला मला वेळ मिळाला होता. मी विचार करून बोललो. मी सदऱ्याची बाही वर केली आणि सुई घेतली.

दुसरी सुई तीन दिवसांनी होती. त्या सकाळी मी निघालो तर देवकाबाई फाटकाशी. हात सुजला होता, चिंधी मळलेली, धानाच्या पात्यांनी जखम चिरत राहिली होती. त्या म्हणाल्या, "गोंदियाले जाऊन राहिले का, डाक्टरभाऊ? या हातासाठी एखादा मलम आणान का?"

मी आणला. सुई घेतली आणि बाहेरच्या दुकानातून मलम घेतला, दोन्ही एकाच फेरीत. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन दिला, कसा लावायचा ते दाखवलं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही लय करता जी माह्यासाठी." माझा दंड ठणकत होता. मी चहा प्यायलो.

डब्बूचा आवाज तोवर सुटला होता. भाकरी खायला लागला होता. पाण्याला पुन्हा तीनदाच भुंकायचा. सातवा दिवस गेला, आठवा, नववा. दहाव्या दिवशी त्यानं कोणाची तरी चप्पल अंगणभर मिरवली आणि सगळे हसले. त्या दहाही दिवसांत, डब्बू बरा दिसत असतानाही, मी देवकाबाईंना काही म्हणालो नाही. आता तर बराच आहे, कशाला उगाच — असं मनात म्हणत राहिलो. अकराव्या दिवशी दवाखान्यात कोणी नसताना मी त्याला माझ्या हातानं सुई दिली. तो जमिनीवर पसरून मुतला.

कोणी मेलं नाही. म्हणून कोणी काही विचारलंही नाही. डब्बू पुढं सात वर्षं जगला आणि म्हातारा होऊन गेला.

पण गोष्ट तिथं संपली नाही. दोनेक वर्षांनी आमच्या गल्लीतल्या एका बाईला मोकाट कुत्रा चावला. देवकाबाईंनी तिला सांगितलं — मलेबी चावला होता, हात धुतला, मलम लावला, काही झालं नाही, सुई कायले घेतेस? मला कळलं तसा मी त्या बाईच्या घरी धावलो. तिला, तिच्या नवऱ्याला गाडीवर बसवून दवाखान्यात पाठवलं. दारात उभ्या असलेल्या देवकाबाईंवर मी ओरडलो — असं कोणाला सांगत जाऊ नका, तुमची गोष्ट वेगळी होती.

त्या गोंधळल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माही गोष्ट अलग कशी होती जी?"

सांगण्याची ती शेवटची जागा होती, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं.

मी म्हणालो, "तुमच्यावेळी कुत्रा आपला होता."

"हो, ते तर आहेच," त्या म्हणाल्या.

देवकाबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत. ठणठणीत आहेत. अजूनही बकरीचं काही झालं की माझ्याकडेच येतात, मी निवृत्त झालो तरी. त्या वाचल्या, कारण डब्बूला काही झालेलं नव्हतं. त्यांनी भरवसा मात्र माझ्यावर टाकला होता. आणि मी गोंदियाला जाऊन सुई घेतली — माझ्या दंडात.