पत्रिकेवरचे सिंह

अशोकस्तंभाच्या सिंहांचा, म्हणजे राजमुद्रेचा, गैरवापर तपासणारे एक अधिकारी कुंभकोणमच्या माझ्या छापखान्यात वरचेवर येत. देवळात शिरावं तसे चपला बाहेर काढत आणि नमुन्याच्या कार्डांवर बोट फिरवत सिंह शोधत. तेही आमच्यासारखेच तंजावरी मराठी. पण दरडावायचं ते तमिळमध्ये, नंतर कॉफी पिताना मराठीत म्हणत, "मनावर घेऊ नका."

परवा ते मुलीची लग्नपत्रिका छापायला घेऊन आले. व्याही निवृत्त अधिकारी. त्यांनी मजकुरात स्वतःच्या नावाच्या वर राजमुद्रा घातली होती.

"अशीच छापू?" मी विचारलं.

त्यांनी उभ्यानेच व्याह्यांना फोन लावला. "रावसाहेब, सिंह छापता येणार नाहीत. छापलेत तर तुमच्या नावाने नोटीस मलाच काढावी लागेल."

पलीकडून फोन बंद झाला. ते मटकन स्टुलावर बसले. लग्न मोडलं, असंच आम्हा दोघांनाही वाटलं. कॉफी तशीच निवली.

तासाभराने व्याही पापनाशमहून स्वतःच येऊन दारात उभे राहिले. हे स्टुलावरून धडपडत उठले. त्यांच्याकडे न बघता व्याही मला म्हणाले, "ते सिंह काढून टाका. एक आता नात्यातच आलाय."